सड्यावरचा सातवा चौकोन

रत्नागिरीला जाऊन काय काय बघावं याची यादी तुम्हाला कोणीही देईल. मी तिथे चार दिवस राहिले आणि त्या यादीतलं जवळजवळ काहीच बघितलं नाही. मी बघितला तो काजूचा एक छोटा कारखाना, त्यातल्या सोळा बायका आणि भिंतीवर टांगलेला एक कागद. परत येऊन तीन आठवडे झाले, तरी पोळ्या लाटता लाटता माझा हात मध्येच थांबतो. नवरा विचारतो, "आता काय झालं?" त्याला एका दमात सांगता येत नाही, म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी माझा धंदा सांगायला हवा. मी पुण्याची. लोकांच्या कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत जायचं, काम कसं चालतं ते कोपऱ्यात उभं राहून बघायचं, कोण किती वेळा उठतं, माल किती वेळा इकडून तिकडे हलतो, कोण कोणाची वाट बघत बसतं हे घड्याळ लावून मोजायचं आणि मग कामाची नवी घडी बसवून द्यायची. माझी जाऊ म्हणते, ही दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांना सांगते की तुमची फोडणी उशिरा पडते. तिचं अगदीच चूक नाही. स्वभाव माझा मुळातच तापट, आणि कोणी रिकामं बसलेलं दिसलं की आणखी तापतो.

टाळेबंदीच्या काळात मला रत्नागिरीहून एक फोन आला होता. काजू कारखान्याचे मालक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. परवान्यासाठी त्यांना कामाचा तक्ता हवा होता: कच्चा काजू आत येतो तिथपासून पाकीट बंद होतं तिथपर्यंत कोणत्या पायरीला काय करायचं, ते चौकोन आणि बाण काढून दाखवलेलं. मी घराबाहेर पडू शकत नव्हते. फोनवर विचारत विचारत, जेवणाच्या टेबलावर बसून दोन दिवसांत तक्ता केला, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि पाठवून दिला. भाऊंनी आभार मानले, आंब्याच्या वड्या पाठवल्या, आणि मी तो कारखाना विसरून गेले.

या वर्षी दसऱ्यानंतर भाऊंच्या मुलाचा, मंदारचा फोन आला. आता कारखाना तोच बघतो. मुंबईच्या एका मिठाईवाल्याकडून त्याला मोठी मागणी आली होती, डिसेंबरपासून रोज जास्त माल हवा होता, आणि आहे त्या वेळेत तो निघत नव्हता. "तुम्ही येऊन बघा, म्याडम. कुठून वेळ काढता आला तर काढा. नाहीतर सोलणीचं मशीन घेतो. मग सोळातल्या नऊ बाया कमी कराव्या लागतील," तो म्हणाला. हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी तारीख पक्की करून टाकली.

सड्यावर

ऑक्टोबरातली रत्नागिरी म्हणजे भट्टीच. पुण्याचं ऊन भाजतं, इथलं उकडतं. सकाळी सातला उतरले तेव्हाच साडी पाठीला चिकटली होती. जिथे उतरले होते त्या घरगुती खानावळीत काकूंनी घावणे आणि नारळाचा गोड रस पुढे ठेवला. पुण्यात मी सकाळी दोन बिस्किटांवर निघते. इथे दोन घावणे खाल्ल्यावर थांबले तर काकूंनी "बरं वाटत नाही का?" असं काळजीने विचारलं. शेवटी चार खाल्ले.

कारखाना शहरापासून अर्ध्या तासावर, सड्यावर. सडा म्हणजे मोकळं, सपाट कातळाचं माळरान. पावसाळ्यात तिथे म्हणे फुलांचे गालिचे असतात. मी गेले तेव्हा गवत पिवळं पडलं होतं, मधून मधून काळा कातळ उघडा पडला होता आणि खाली दरीत भातकापणी चालली होती. रिक्षावाल्याने फाटकापाशी सोडलं. मंदार बाहेरच उभा होता, तिशीचा, अंगाने बारीक, बोलायला नम्र.

"आधी तुम्हाला एक गंमत दाखवतो," तो म्हणाला आणि मला आत घेऊन गेला.

समोरच्या भिंतीवर माझा तक्ता होता. नुसता टांगलेला नव्हे, काचेच्या चौकटीत बसवलेला. काचेवर हळदकुंकवाची बोटं, वरून झेंडूची सुकलेली माळ, कोपऱ्यात आपट्याचं पान खोचलेलं. खंडेनवमीला काजू फोडायच्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली होती, आणि ती दर वर्षी होते. खाली कोपऱ्यात माझं नाव, त्यावरही एक कुंकवाचा ठिपका. माझे डोळेच पांढरे झाले. आम्हीही पुण्यात दसऱ्याला लॅपटॉपला फूल वाहतो, तेव्हा हसायचा अधिकार मला नाही. पण स्वतःच्या हातच्या कागदाला हार घातलेला बघणं वेगळंच. मी मनातल्या मनात सुखावले हे कबूल करते. ते सुख दोन तास टिकलं.

काम छान चाललं होतं. वाफवलेला, निवलेला काजू बायका हातापायाने चालणाऱ्या यंत्रावर फोडत होत्या, एका दाबात एक बी. टरफलाच्या तेलाने त्यांची बोटं काळी झालेली. आतला गर भट्टीत वाळून येत होता, मग सोलणीच्या लांब टेबलांवर त्याची तांबूस साल निघत होती. मी घड्याळ काढलं, वही उघडली. सगळ्या बायका माझ्याकडे चोरून बघत होत्या. मशीनची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती हे उघड होतं, आणि त्यांच्या लेखी मी मशीनच्या बाजूची.

अकराच्या सुमाराला भट्टीतली ताटं सोलणीच्या टेबलांवर आली. एका बाईने शाळेत असते तशी लोखंडी घंटा दिली. आणि सगळं थांबलं. फोडायची यंत्रं थांबली, ताटं तशीच राहिली, सोळाच्या सोळा बायका आपापल्या जागी हात मांडीवर घेऊन बसल्या.

मी पाच मिनिटं वाट बघितली. कोणी उठेना. मला वाटलं, मी आले म्हणून यांनी काम बंद पाडलं. माझा पारा चढला. मंदारला बाजूला घेऊन विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

तो गोंधळला. "प्रकार कसला? सातवा चौकोन आहे, म्याडम. तुमचाच."

मी तक्त्यापाशी गेले. सहावा चौकोन: भट्टीत वाळवणे. आठवा: सोलणे. मध्ये सातवा, माझ्याच सुबक अक्षरात: "विलगीकरण. वीस मिनिटे. या वेळात मालाला हात लावू नये. कोणीही जागा सोडू नये."

काजूला असं काही लागत नाही. हा चौकोन काजूचा नव्हताच. टाळेबंदीच्या आधी मी एका इंजेक्शनं भरणाऱ्या कंपनीचं काम केलं होतं. तिथे बाटल्या उघड्या असताना खोलीतली हवा स्थिर व्हावी म्हणून सगळे जिथल्या तिथे थांबतात, कारण माणूस हलला की धूळ हलते. भाऊंचा तक्ता करताना मी तोच जुना तक्ता समोर घेऊन त्यातले शब्द बदलले होते. एक चौकोन बदलायचा राहिला. आणि ही माणसं इतकी वर्षं, दिवसातून दोनदा, सकाळच्या आणि दुपारच्या मालाला, तो पाळत आली होती!

"कोणी विचारलं नाही मला? एक फोन नाही केला?" मी म्हणाले.

"काय विचारायचं? परवान्याच्या शेजारी लावलाय. भाऊ म्हणाले, लिहिलंय ते पाळायचं. तपासणीला साहेब आले ते पण खूश झाले, एवढी शिस्त कुठे बघितली नाही म्हणाले."

चूक माझी आहे हे तिथेच सांगायला हवं होतं. ताटलीतला एक न फोडलेला काजू हातात घेऊन मी भिंतीकडे बघत राहिले, आणि विचाराच्या तंद्रीत, खारे दाणे खावेत तसा, तो दातांनी फोडला.

ओठ

काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं हे मी स्वतः त्या तक्त्यात लिहिलं होतं, तिसऱ्या चौकोनात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा खालचा ओठ सुजून भजं झाला होता. काकूंनी मऊ भात आणि कुळथाचं पिठलं केलं, तेही मी चमच्याने कडेकडेने खाल्लं. कारखान्यात पोचल्यावर बायकांनी मला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती एकदम पळाली. सल्ला देणाऱ्या बाईने काजू चावून फोडला, ही बातमी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हसत हसत गेली.

त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई उठून आली. इंदू तिचं नाव, बाकीच्या तिला इंदूवयनी म्हणत. बोलायला अगदी कमी. तिने आपल्या डब्यातून कोकमाच्या घट्ट तेलाचा तुकडा काढला, बोटावर विरघळवला आणि माझ्या ओठाला लावला. "बोलू नका आता," एवढंच म्हणाली.

त्यामुळे अकराची घंटा झाली तेव्हा मी गप्प होते आणि त्यांच्यातच एका स्टुलावर बसलेले होते. आदल्या दिवशी त्या माझ्या धाकाने गप्प होत्या, मी लांबून फक्त थांबलेले हात बघितले होते. आज जवळून बघितलं. सगळ्यांनी हात पुसले. सुगंधा नावाची चाळिशीची एक बाई, चष्मा लावून, म्हणाली, "हां, कोणाचा काय हाय आज?"

एका बाईने ब्लाऊजमधून चौघडी केलेला कागद काढून पुढे दिला. दवाखान्याची चिठ्ठी होती. सुगंधाने ती मोठ्याने, शब्द तोडून वाचली. मग गोळ्यांची पाकिटं मागितली, चिठ्ठीशी ताडून बघितली, आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली.

"गो, ही साखरेची गोळी जेवणाआधी. आणि ही रात्रीची. तू कशी घेतेस?"

"उलटी," ती बाई म्हणाली.

"किती दिवस?"

"दोन महिने झाले असतील."

एकच गलका झाला. "म्हणून तुला घेरी येत होती!" "मेली असतीस गो!" सुगंधाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि त्या बाईकडून तीनदा वदवून घेतलं. मी हबकून गेले होते.

काम पुन्हा सुरू झाल्यावर सुगंधाने मला थोडं थोडं सांगितलं. ती बौद्धवाडीतली. पावसाळ्यात त्यांच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, तिथे मोठ्याने वाचायची सवय. "सुरवातीला चार-पाच दिवस आमी नुसत्या बसलाव. वाटायचं, काय तरी ध्यान असंल. मगे मी पेपर आणला. मगे हिचा लाइटचा कागद आला, तिचा शाळेचा. आता घरी कागद आला की बाया उघडत पण नाय, चौकोनात घेऊन येतात." मागल्या वर्षी एकीच्या सासऱ्याच्या जमिनीवर वारस लावताना तिचं नाव गळलं होतं. तलाठ्याची नोटीस घरात आठवडाभर देवाच्या फोटोमागे पडून होती. हरकत घ्यायला सहा दिवस उरले असताना ती चौकोनात वाचली गेली. आता तिचं नाव लागलं आहे.

हे सगळं माझ्या चुकीतून उगवलं होतं. पण माझं डोकं धंद्याचं. दुपारी मी मंदारची परवानगी घेऊन एक ताट भट्टीतून काढल्यावर न थांबता सोलायला सांगितलं. बायका घाबरल्या. "म्याडम, सातवा झाला नाय!" कोणी हात लावेना. शेवटी सुजल्या ओठाने मीच बसले आणि सोलायला लागले, तेव्हा दोघी-तिघी पुढे आल्या. थांबलेल्या ताटात जेवढे तुकडे पडले तेवढेच या ताटात. पुन्हा करून बघितलं, तेच. काजूला त्या वीस मिनिटांचं काही देणंघेणं नव्हतं.

मांडवी

संध्याकाळी मंदार मला मांडवीच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. लोक कुटुंबकबिल्यासह आले होते, काळसर वाळूत भेळ खात होते. त्याने माझ्यासाठी शहाळं आणलं, नळी एका कडेने ओठात धरून मी प्यायले. "सापडलं का काही?" त्याने विचारलं.

सापडलं होतं. रोजची दोनदा वीस मिनिटं, सोळा बायकांची. तेवढा वेळ मोकळा झाला तर मिठाईवाल्याचा माल आरामात निघत होता, मशीन लागत नव्हतं आणि नऊ बायका घरी जात नव्हत्या. हे मी त्याला सांगितलं. फक्त तो चौकोन मुळात आला कुठून हे सांगितलं नाही. "सातव्या चौकोनात सुधारणा करता येईल," असं गोलगोल बोलले. अहवालात आम्ही असंच लिहितो. कोणाची चूक, कधी झाली, ते त्या वाक्यात मावत नाही.

तो खूश झाला. मी मात्र खानावळीवर येऊन ताटात वाढलेला बांगडा तसाच ठेवला. काकूंना वाटलं ओठामुळे. खरं तर माझी मलाच लाज वाटत होती. या बायका लिहिलेल्या शब्दाला इतका मान देतात, आणि ज्या बाईने तो लिहिला तिला खरं बोलायला तोंड नाही! आणि चौकोन गेला की त्यांचं वाचन गेलं, कारण सकाळी एसटी त्यांना अगदी कामाच्या वेळेला फाटकाशी सोडते आणि संध्याकाळी सुटल्याबरोबर परतीची गाडी असते. जेवणही पाळीपाळीने होतं, त्यामुळे सगळ्या जणी एका जागी हात रिकामे करून बसतात ते दिवसात तेवढ्याच वेळात. पण नोकरी गेली तर वाचायलाही कोण जमणार? म्हणजे चौकोन काढायलाच हवा होता, आणि काढायचा तर का काढते हे त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं होतं. एवढं ठरवलं आणि थंड झालेला बांगडा खाल्ला.

तिसरा दिवस

सकाळच्या घंटेनंतर मी सुगंधाला म्हटलं, आज माझा कागद आहे. बायका हसल्या आणि सरसावून बसल्या. मंदारही दारात येऊन उभा राहिला.

मी सगळं सांगितलं. इंजेक्शनची कंपनी, जुना तक्ता, राहून गेलेला चौकोन. म्हणाले, "ही वीस मिनिटं सरकारचा नियम नाही. काजूला त्यांची गरज नाही. ती माझ्या चुकीने आली. मी इथे आले असते, एकदा डोळ्यांनी बघितलं असतं, तर ती कधीच आली नसती." मग नऊ जणींच्या नोकरीचं सांगितलं, आणि तो वेळ मोकळा केला तर कोणालाच जावं लागणार नाही हेही सांगितलं.

मला वाटलं होतं, त्या चिडतील किंवा हसतील. तसं झालं नाही. मंदार माझ्याकडे बघत होता, जणू मी दुसरीच कोणी बाई होते. शेवटी सुगंधा म्हणाली, "म्हणजे आमी चार वर्षं चूक पाळली?"

"हो," मी म्हणाले.

"भारीच हाय," ती म्हणाली. मग मंदारकडे वळली. "दादा, चुकून मिळाला तो आमचा नव्हता, बरा. पण आता मागतो. दोनातला एक काढा, एक ठेवा. दुपारचा ठेवा. म्हणा चहाचा. चाललं ना?"

मंदारने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एक ठेवूनही माल निघत होता, जेमतेम. तो म्हणाला, "बघूया. डिसेंबरपर्यंत ठेवू, मग बघू." त्याचं "बघूया" अजून तरी टिकलं आहे. माझ्या अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं आहे की चूक तक्ता करणारीची होती, आणि मी या कामाचे पैसे घेतले नाहीत. मशीन आलं नाही. अहवालाची गोष्ट एवढीच, ती इथेच संपवते, कारण माझ्या हाताला अडवते ती गोष्ट दुसरी आहे.

घंटा होऊन सगळ्या सोलायला लागल्या. मी वही आवरत होते. इंदूवयनी टेबलाच्या टोकाला, फाटकाकडे तोंड करून बसायची. तिचे हात ताटात होते, पण चालत नव्हते. तिने मला जवळ बोलावलं.

"म्याडम, एक विचारू? त्या वीस मिनटांत कोणी उठला असता, तर काजूला काय झाला असता?"

"का?" मी विचारलं.

ती सावकाश बोलली. आवाज कुठे चढला नाही, कुठे कापला नाही. "तुमचा कागद लागला त्याच महिन्यातली गोष्ट. माझा म्हायेर संगमेश्वराकडं. आयस माझी आजारी होती. भावाने रिक्षा धाडली, ती हितं फाटकात उभी ऱ्हायली. माणूस आत आला, बोलला, चल, आयस तुझा नाव घेते. पण घंटा नुकतीच झाली होती."

सुगंधा मध्येच म्हणाली, "मी सांगत होती, जा म्हणून. सगळ्या सांगत होताव."

"सगळ्या सांगत होत्या. मीच नाय उठली. लिवलेला होता ना, कोणी जागा सोडू नये. मला वाटला, आपण उठलाव आणि माल नासला, आणि कोणाच्या पोराबाळाने खाल्ला, त्याला काय बाधा झाली तर? वीस मिनटं बसली. मगे रिक्षात बसली. पोचली तेव्हा आयस जाऊन पंधरा मिनटं झाली होती."

टेबलावरचे सगळे हात थांबले होते. पंधरा मिनिटं. माझा हिशोब आपोआप झाला, तो कधी थांबत नाही. त्या क्षणी मला माझ्या डोक्याचा संताप आला.

"म्हणून विचारते," ती म्हणाली. "काय झाला असता काजूला?"

खोटं बोलणं सोपं होतं. एक वाक्य पुरलं असतं: हो इंदूवयनी, तुम्ही त्या दिवशी बसलात म्हणून कोणाचं तरी मूल वाचलं. चार वर्षं तिने स्वतःला हेच सांगितलं असणार. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण अर्ध्या तासापूर्वी मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं, ते तिनेही ऐकलं होतं. ती मला खोटं बोलायला सांगत नव्हती. तिला तिच्या वाटणीचं उत्तर हवं होतं, माझ्या तोंडून, फक्त तिला दिलेलं.

"काही झालं नसतं," मी म्हणाले. "काहीच नाही."

तिने मान हलवली. "बरा," म्हणाली आणि सोलायला लागली. मी बाहेर गेले, पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले आणि रडले. पुण्याला मी रडत नाही. ओठावरचं कोकमाचं तेल डोळ्यांच्या पाण्याने खारट झालं.

निघताना

शेवटच्या दिवशी माझी गाडी संध्याकाळची होती. मंदारने काचेची चौकट भिंतीवरून उतरवली. मी नवा तक्ता करून आणला होता. तो लावताना कोणी हळदकुंकू आणलं नाही, ते मला बरं वाटलं. सुगंधाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचला आणि तीन ठिकाणी मला "हे का?" म्हणून विचारलं. पहिल्या दोन वेळा मला उत्तर देता आलं. तिसऱ्या वेळी नाही आलं, तिथे मी पेन काढून खोडलं.

दुपारची घंटा झाली. उरलेला एकुलता एक चौकोन. सगळ्यांनी हात पुसले, सुगंधाने चष्मा लावला. एकीने कागद काढला होता. तेवढ्यात इंदूवयनी उठली.

तिने बादलीत हात धुतले, पदराला पुसले आणि दारातून बाहेर गेली. मला खिडकीतून दिसत होतं. उन्हातून चालत ती फाटकापर्यंत गेली आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, कुठलं वाहन येणार असावं तशी उभी राहिली. रस्ता मोकळा होता. पलीकडे सड्यावरचं पिवळं गवत. सुगंधाने हातातला कागद घडी करून मांडीवर ठेवला. त्या दिवशी काही वाचलं गेलं नाही. पंधरा बायका आणि मी खिडकीकडे बघत बसलो. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसरी घंटा झाली तेव्हा ती परत आली. कपाळावर घाम होता. जागेवर बसण्याआधी माझ्या स्टुलापाशी थांबली.

"वीस मिनटं मोप असतात ओ म्याडम," ती म्हणाली. "आज उभी ऱ्हाऊन बघितली."